धनुष्कोडीची आगबोट

‘आसेतुहिमाचल’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी इतका रुळलेला आहे की, त्यातला सेतू नेमका कोठे आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. काशीची गंगा कावडीने आणून रामेश्वराला घालावी, धनुष्कोडीच्या संगमावर स्नान करावे, तेथली मूठभर वाळू बरोबर घेऊन ती प्रयागला सोडावी, म्हणजे यात्रा सुफळ झाली, असा पिढ्यानपिढ्यांचा परिपाठ आहे. यात्रेकरूच्या लेखी धनुष्कोडी हे भूमीचे अखेरचे टोक. तेथवर जाऊन समुद्राला नमस्कार करावयाचा आणि पाठ फिरवावयाची. परंतु याच टोकावर एके काळी एक आगबोट धुराचे लोट सोडीत उभी असे, आणि तिच्यात चढणाऱ्या हजारो माणसांच्या प्रवासाचा खरा आरंभ तेथून होत असे. त्या आगबोटीची हकीकत ही वरवर पाहता दोन बेटांमधील वाहतुकीची हकीकत आहे. थोडे खोल पाहिले म्हणजे ध्यानात येते की, तिच्यात दोन देशांच्या लाखो गरीब माणसांचे भाग्य गुंतलेले होते.

प्रथम ही जागा डोळ्यांपुढे आणली पाहिजे. भारताच्या आग्नेय किनाऱ्यालगत रामेश्वरचे बेट आहे. त्याचा आकार शंखासारखा असल्याचे सांगतात. त्याची पूर्वेकडील वाळूची लांब जीभ समुद्रात शिरत जाते, तिच्यावर धनुष्कोडी. समोर श्रीलंकेच्या वायव्य कोपऱ्यात मन्नारचे बेट आहे. तेही तसेच सपाट, रुक्ष आणि वालुकामय. ताडमाडांची झाडी, मोकळी फिरणारी गाढवे, आणि अरब व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून आणल्याचे मानले जाणारे अजस्र बुंध्याचे गोरखचिंचेचे वृक्ष ही त्याची ओळख. त्याच्या पश्चिम टोकाला तलैमन्नार हे गाव आहे. या दोन बेटांच्या मध्ये वाळूच्या दांड्यांची आणि उथळ खडकांची माळ पसरलेली आहे. हिंदू तिला रामसेतू म्हणतात; युरोपियनांच्या नकाशांवर तिला आदमचा पूल असे नाव पडले. उत्तरेस पाल्कचा उपसागर, दक्षिणेस मन्नारचे आखात. नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागले की दक्षिणेकडचे पाणी खवळते, आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांत उत्तरेकडचे. पाणी इतके उथळ की मोठी जहाजे येथून जाऊ शकत नाहीत. त्यांना सगळ्या लंकेला वळसा घालावा लागतो. धनुष्कोडीच्या धक्क्यापासून तलैमन्नारच्या धक्क्यापर्यंतचे अंतर मात्र अवघे २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर.

एवढे जवळचे पाणी ओलांडण्यास माणसाने आगबोटीची वाट पाहिली नाही, हे उघडच आहे. रामनाडच्या राजांचे ‘सेतुपती’ हे बिरुदच सांगते की, सेतूची वाट आणि तिच्यावरचे यात्रेकरू यांचे रक्षण हे त्या घराण्याचे परंपरागत कर्तव्य होते. या वाटेशी मराठी माणसांचाही जुना संबंध आहे. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वराकडे जाणाऱ्या मार्गावर ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे धर्मशाळा व अन्नछत्रे, उभारली. सरफोजी राजांच्या काळातील ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच. खुद्द रामेश्वराच्या मंदिरात पूजेचा मान परंपरेने महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांकडे चालत आलेला आहे. स्वामी विवेकानंद पाश्चात्य देशांचा दौरा संपवून परतले, तेही लंकेमार्गे. १५ जानेवारी १८९७ रोजी ते कोलंबोस उतरले, आणि जाफन्याहून निघून २६ जानेवारीस रामेश्वर बेटावरील पांबन येथे त्यांनी भारतभूमीवर पाऊल ठेवले. तेथे रामनाडचे राजे भास्कर सेतुपती त्यांच्या स्वागतास उभे होते.

तथापि, या पाण्यावरून जाणाऱ्यांत यात्रेकरू आणि संन्यासी थोडे, मजूर फार. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून इंग्रज मळेवाल्यांनी सिलोनच्या डोंगराळ भागात कॉफीची लागवड वाढविली. कॉफीच्या तोडणीला हंगामापुरती पुष्कळ माणसे लागत, आणि ती समोरच्या तमिळ मुलखातून मिळत. दुष्काळ, कर्ज आणि खालच्या मानलेल्या जातींचे गावातील हाल यांनी कंटाळलेली माणसे ‘कंगाणी’ नावाच्या मुकादमाच्या मागोमाग किनाऱ्यावर येत. उघड्या शिडाच्या होड्यांतून ती मन्नारच्या बाजूला उतरत आणि तेथून मातलेच्या डोंगरांपर्यंत शंभराहून अधिक मैल अरण्यातून पायी चालत जात. वाटेत पाण्याची टंचाई, हिवताप आणि पटकी. या पायवाटेवर किती माणसे पडली याची धड मोजदादही कोणी ठेविली नाही. समुद्राचा टप्पा हा त्या प्रवासातील सर्वांत लहान आणि बहुधा सर्वांत सोपा टप्पा होता.

१८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेऱ्याचा रोग प्रथम आढळला, आणि पुढील वीस वर्षांत ते पीक जवळजवळ नामशेष झाले. त्याच्या जागी चहा आला. या पालटाचा परिणाम केवळ मळ्यांपुरता राहिला नाही. कॉफीला हंगामी मजूर पुरत असे. तोडणी झाली की तो आपल्या गावी परतत असे. चहाची पाने मात्र बारा महिने खुडावी लागतात. त्यामुळे मजूर बायकामुलांसह जाऊ लागला, मळ्यावरच्या ओळीच्या खोल्यांत राहू लागला, आणि त्याची पुढची पिढी तेथेच जन्मू लागली. जाताना कंगाणीने दिलेली उचल त्याच्या नावावर कर्ज म्हणून चढे, आणि ते कर्ज नोंदलेला ‘तुंडू’ नावाचा कागद एका मळ्याकडून दुसऱ्या मळ्याकडे त्याच्या आधी पोहोचे. ही पद्धत १९२१ साली कायद्याने बंद झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी एक सोय निघाली. मजुराला टिनाचा एक बिल्ला देण्यात येई; त्यावर मळ्याची खूण आणि त्याचा क्रमांक ठोकलेला असे, आणि त्या बिल्ल्यावर त्याला पोहोचविण्याचा खर्च मळ्याच्या खाती पडे. बिल्ला गळ्यात अडकविलेल्या माणसाला तू कोण, कोणत्या राज्याचा, असे कोणी विचारीत नसे. तो कोणत्या मळ्याचा एवढेच पाहिले जाई.

अशा स्थितीत रेल्वे आणि आगबोट आली. तोपर्यंत मद्रासहून सिलोनला जाणारा उतारू रेल्वेने तूतिकोरिनला जाई आणि तेथून आगबोटीने कोलंबो गाठी. मन्नारच्या आखातातील तो प्रवास लांबचा आणि बराच त्रासाचा होता. सेतूच्या माळेवरूनच रुळ घालून थेट रेल्वे न्यावी, अशी एक मोठी योजना पुढे आली. तिची पाहणीही झाली. पण खर्चाचा आकडा पाहून ती मागे पडली. अखेर असे ठरले की, मुख्य भूमीपासून रामेश्वर बेटावर पूल बांधावा, धनुष्कोडीपर्यंत रेल्वे न्यावी, पलीकडे सिलोन सरकारने तलैमन्नारपर्यंत आपली रेल्वे आणावी, आणि मधले पाणी आगबोटीने ओलांडावे. पांबनचा पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी खुला झाला. दोन किलोमीटरहून किंचित अधिक लांबी, १४५ गाळे, आणि मध्यभागी गलबतांना वाट देण्यासाठी दोन बाजूंना उचलला जाणारा शेर्झर पद्धतीचा लोखंडी गाळा, असे त्याचे स्वरूप होते. समुद्रावरचा एवढा पूल भारतात त्यापूर्वी झालेला नव्हता.

त्याच वर्षी आगबोटींचा मार्ग सुरू झाला. ‘कर्झन’, ‘एल्जिन’ आणि ‘हार्डिंज’ अशी व्हाइसरॉयांची नावे धारण केलेल्या वाफेच्या चक्रयंत्रावर चालणाऱ्या बोटी या पाण्यावर आल्या. पुढे त्यांची जागा ‘आयर्विन’ आणि ‘गोशेन’ यांनी घेतली. मद्रासच्या एग्मोर स्थानकावर एकच तिकीट काढावे, रात्री टपालगाडीत झोपावे, धनुष्कोडीस धक्क्यावरच उतरून आगबोटीत चढावे, दोन-तीन तासांत तलैमन्नारच्या धक्क्यावर सिलोनची गाडी गाठावी आणि कोलंबोच्या फोर्ट स्थानकावर उतरावे, इतकी ही व्यवस्था सरळ होती. या गाडीला लोक ‘बोट मेल’ म्हणत. आगबोट बंद होऊन कितीतरी वर्षे लोटली, तरी मद्रास-रामेश्वर गाडीचे हे नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. गंमत अशी की, सेतूवरून लोहमार्ग झाला असता तरी एकच गाडी मद्रासहून कोलंबोस धावू शकली नसती. दक्षिण भारतीय रेल्वेचे रुळ एक मीटर रुंदीचे, तर सिलोनचे साडेपाच फुटी. उतारूंना कोठेतरी उतरून गाडी बदलावीच लागली असती. आगबोटीने ते उतरणे सुखाचे केले, एवढेच.

अर्थात, हे सुख सर्वांना सारखे नव्हते. वरच्या वर्गाच्या उतारूस, मग तो मळ्याचा गोरा मालक असो, मद्रासचा वकील असो की व्यापारी, बोटीवर खुर्ची मिळे, चहा मिळे, आणि दुर्बिणीतून सेतूचे दांडे पाहावयास मिळत. खालच्या डेकवर आपले गाठोडे सांभाळीत बसलेल्या मजुराची गोष्ट निराळी होती. त्याला धनुष्कोडीस येण्यापूर्वी मंडपमच्या छावणीतून जावे लागे. ती छावणी भारताच्या भूमीवर होती, पण ती चालवीत असे सिलोन सरकार. तेथे त्याचे कपडे वाफेने निर्जंतुक होत, देवीची लस टोचली जाई, पटकीची लागण नाही याची खात्री होईपर्यंत काही दिवस त्याला अडकवून ठेवीत, आणि मगच त्याला बोटीवर चढविले जाई. रोगाच्या भीतीचे कारण खोटे नव्हते. जुन्या पायवाटेवरील मृत्यूंच्या मानाने ही व्यवस्था कितीतरी बरी होती, हेही मान्य केले पाहिजे. परंतु एकाच बोटीच्या वरच्या आणि खालच्या डेकवर बसलेल्या दोन माणसांचा प्रवास एक नव्हता, ही गोष्ट त्यामुळे लपत नाही.

या वाहतुकीच्या आधारे धनुष्कोडी हे एक गजबजलेले ठाणे बनले. रेल्वे स्थानक, धक्का, जकातीची कचेरी, टपाल व तार कचेरी, शाळा, देवळे, चर्च, धर्मशाळा आणि मासळीचा बाजार, हे सारे वाळूच्या एका अरुंद पट्टीवर वसले. रामेश्वर आणि धनुष्कोडी यांच्या दरम्यान यात्रेकरूंना नेणाऱ्या होड्याही चालत. त्यांतील एक होडी रामेश्वरच्या एका मुसलमान गृहस्थांची होती. त्यांचे पुत्र पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. डॉक्टर ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी आपल्या आत्मकथनात त्या होडीची हकीकत सांगितली आहे. ती बांधली जात असताना लहानग्या कलामांनी पाहिली, आणि पुढे एका वादळाने ती वाहून नेली. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरास गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे झेलून आपल्या चुलतभावास साहाय्य करणे, ही त्यांची पहिली कमाई. जगातील बातमी या बेटावर येई, ती धनुष्कोडीच्या बोटीसाठी धावणाऱ्या गाडीतून.

येथवर पाणी आणि रुळ यांची कथा झाली. आता कागदाची कथा सुरू होते. १९३९ साली सिलोन सरकारने आपल्या खात्यांतील रोजंदारीच्या भारतीय कामगारांना काढून टाकण्यास आरंभ केला. त्यावर भारत सरकारने ऑगस्ट १९३९ पासून मजुरांच्या सिलोनला जाण्यावर बंदी घातली. शंभर वर्षे वाहता असलेला ओघ अशा रीतीने एका हुकमाने थांबला. १९४८ च्या फेब्रुवारीत सिलोन स्वतंत्र झाले, आणि त्याच वर्षी तेथील संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला. नागरिक ठरण्यासाठी बाप बेटावर जन्मलेला असला पाहिजे, किंवा मागल्या पिढ्यांचा तेथील जन्म सिद्ध झाला पाहिजे, असा त्याचा इत्यर्थ होता. ज्याचा आजा गळ्यात टिनाचा बिल्ला घालून आला, जो स्वतः मळ्यावरच्या खोलीत जन्मला, त्याने जन्माचे दाखले कोठून आणावे? मळ्यांवरील लाखो तमिळ माणसे एका कायद्याने परकी ठरली. भारतानेही त्यांना आपोआप आपले नागरिक मानले नाही. ज्या बोटीवर पूर्वी तिकीट आणि लस एवढ्यावर भागत असे, तिच्यावर आता पासपोर्ट आणि व्हिसा यांवाचून पाऊल ठेवता येईना. त्याच सुमारास, १९५२ नंतर, रेडिओ सिलोनवरील हिंदी चित्रपटगीते इंदुरापासून हैदराबादेपर्यंत घराघरांत ऐकली जात होती. बेटावरून निघालेले गाणे कोणाच्या परवानगीवाचून येथे पोहोचे. बेटावर जन्मलेल्या माणसाला मात्र आपण कोणत्या देशाचे, याचे उत्तर मिळत नव्हते.

ते उत्तर ३० ऑक्टोबर १९६४ रोजी दिल्लीत ठरले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेल्या अशा माणसांची संख्या ९,७५,००० धरण्यात आली. त्यांपैकी ५,२५,००० भारताने घ्यावयाची, ३,००,००० सिलोनने ठेवावयाची आणि उरलेल्या १,५०,००० माणसांचा विचार मागाहून करावयाचा, असे ठरले. पंधरा वर्षांत हे काम पुरे व्हावयाचे होते. पुढे १९७४ साली त्या उरलेल्यांचीही निम्मी-निम्मी, म्हणजे पंचाहत्तर-पंचाहत्तर हजार, अशी वाटणी झाली. दोन शेजाऱ्यांनी भांडण न करता प्रश्न मिटविला, म्हणून या कराराचे त्या वेळी कौतुक झाले, आणि तडजोड म्हणून त्यात तथ्यही होते. परंतु ज्यांची वाटणी झाली त्यांचे म्हणणे वाटाघाटीच्या वेळी विचारात घेतले गेले नाही, ही तक्रार मळ्यांवरून तेव्हापासून ऐकू येत राहिली.

कराराला ५३ दिवस झाले, आणि निसर्गाने आपला हुकूम बजावला. डिसेंबरच्या मध्यास अंदमानच्या दक्षिणेस जन्मलेले वादळ वाढत वाढत सिलोन ओलांडून २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री धनुष्कोडीवर कोसळले. समुद्राची प्रचंड लाट वाळूच्या त्या पट्टीवरून आरपार गेली. पांबनहून निघालेली उतारूंची ६५३ क्रमांकाची गाडी त्याच वेळी धनुष्कोडीच्या अगदी जवळ आली होती. शंभराहून अधिक माणसांसह ती गाडी समुद्राने गिळली. एकही उतारू वाचला नाही. सकाळी जगाला दिसले ते स्थानकाचे आणि चर्चचे भग्न अवशेष. धनुष्कोडी हे गाव राहण्यास अयोग्य म्हणून सरकारने जाहीर केले, आणि ते पुन्हा वसले नाही. सिलोनच्या उत्तर भागाचीही मोठी हानी झाली. दोन्ही तीरांवरील कोळ्यांची दुःखे त्या रात्री एकच होती.

असे वाटले असते की, आता हा मार्ग कायमचा संपला. पांबनच्या पुलाचे १४५ पैकी १२६ तुळयांचे गाळे वाहून गेले होते. मधला उचलता गाळा तेवढा उभा होता. रेल्वेने दुरुस्तीस सहा महिन्यांची मुदत धरली, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली, आणि ई. श्रीधरन नावाच्या तरुण अभियंत्याने समुद्रात पडलेल्या तुळया शोधून, वर काढून, पुन्हा बसवून ते काम ४६ दिवसांत पुरे केले. कोकण रेल्वेच्या उभारणीमुळे पुढे हेच श्रीधरन महाराष्ट्रास आणि गोव्यास परिचित झाले. आगबोटीचा धक्का धनुष्कोडीहून रामेश्वरास आला, आणि दोन बेटांमधली वाहतूक पुन्हा सुरू झाली. शतकातील सर्वांत भयंकर वादळालाही हा मार्ग बंद करता आला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुन्हा सुरू झालेल्या या मार्गावरून, पुढे ‘रामानुजम’ नावाच्या बोटीतून, जी माणसे आली, ती बहुतांशी कराराने वाटली गेलेली माणसे होती. त्यांना सरकारी भाषेत ‘मायदेशी परतणारे’ म्हणत. परंतु त्यांच्यातील पुष्कळांनी तो मायदेश कधी पाहिलेला नव्हता. चहाच्या थंड डोंगरांतून निघून गाडीने तलैमन्नार, तेथे जकातीची झडती, मग बोट, मग रामेश्वरचे ऊन आणि मंडपमची छावणी. ज्या छावणीत आज्याला लस टोचून घेऊन पलीकडे पाठविले, त्याच छावणीत नातवाला त्याचे कुटुंबपत्रक तपासून अलीकडे घेतले जात होते. अर्ज ज्याचा त्याने करावयाचा असल्यामुळे एका आईची दोन मुले दोन देशांची झाली, एक बहीण मळ्यावर राहिली आणि दुसरी बोटीत चढली, असेही अनेक घरांत घडले. आलेल्यांपैकी काहींना तमिळनाडू सरकारने निलगिरीत नव्याने लावलेल्या चहाच्या मळ्यांवर काम दिले. हातातली विद्या तेवढी उपयोगी पडली. कित्येक जण लहानसे कर्ज घेऊन दुकान थाटण्याच्या प्रयत्नात बुडाले आणि पुन्हा मजुरीस लागले. लंकेत त्यांना ‘भारतीय तमिळ’ म्हणत. भारतात आल्यावर शेजारी त्यांना ‘सिलोनवाले’ म्हणू लागले. बोटीत बसताना आणि बोटीतून उतरताना ती परकीच होती.

हा मार्ग अखेर बंद झाला तो १९८४ साली. १९८३ च्या जुलैत श्रीलंकेत तमिळांविरुद्ध भयंकर दंगली उसळल्या, यादवी युद्धाला तोंड फुटले, आणि वर्षभरात आगबोटीच्या फेऱ्या थांबल्या. तलैमन्नारची रेल्वेही पुढे युद्धात उद्ध्वस्त झाली. तिकीट देणारी बोट थांबली, पण माणसांचे येणे थांबले नाही. मागल्या शतकातल्याप्रमाणे उघड्या होड्यांतून, रात्रीच्या काळोखात, निर्वासित रामेश्वराच्या किनाऱ्यावर उतरू लागले. मंडपमची जुनी छावणी आता निर्वासितांची छावणी झाली. २०२२ साली श्रीलंका आर्थिक संकटात सापडली, तेव्हाही भुकेने त्रासलेली काही कुटुंबे धनुष्कोडीच्या पुढील अरिचलमुनैच्या वाळूवर येऊन थडकली. राजमार्ग बंद केला म्हणजे प्रवास बंद होतो असे नाही. तो फक्त अधिक धोक्याचा होतो, एवढे या बावीस मैलांनी पुन्हा पुन्हा दाखविले आहे.

युद्ध २००९ साली संपले. भारताच्या साहाय्याने मन्नारचे रुळ पुन्हा घातले गेले, आणि १४ मार्च २०१५ रोजी तलैमन्नारला गाडी पोहोचली. २००३ च्या श्रीलंकेच्या एका कायद्याने ३० ऑक्टोबर १९६४ पासून तेथे राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसांना व त्यांच्या संततीला नागरिकत्वाचा हक्क मिळाला. ज्या तारखेने वाटणी झाली, तीच तारीख हक्काची खूण ठरली. अलीकडच्या तीरावर शंभर वर्षांहून अधिक सेवा केलेल्या पांबनच्या पुलाशेजारी नवा रेल्वे पूल उभा राहिला आणि ६ एप्रिल २०२५ रोजी तो खुला झाला. २०११ साली तूतिकोरिन-कोलंबो अशी बोट काही महिने चालून बंद पडली. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी नागपट्टिणमहून जाफन्याजवळील कांकेसंतुरैकडे उतारूंची बोट निघाली, पावसाळी वाऱ्यांमुळे थांबली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. रामेश्वर-तलैमन्नारच्या बोटीविषयी दोन्ही सरकारांत वेळोवेळी बोलणी झाली. पण नवा पूल ओलांडून पहिली गाडी रामेश्वरास आली, तेव्हा तिच्यातील उतारूला पलीकडे नेणारी बोट तेथे उभी नव्हती.

तरीही वर्षातून एकदा हे पाणी मोकळे होते. रामेश्वर आणि लंका यांच्या मध्ये पाल्कच्या उपसागरात कच्चतीवु नावाचे ओसाड बेट आहे. १९७४ च्या कराराने ते श्रीलंकेच्या हद्दीत गेले, आणि त्यावरून दोन्हीकडे अद्याप वाद होतात. मात्र भारतीय यात्रेकरूंना तेथे जाण्यासाठी पासपोर्ट वा व्हिसा लागू नये, अशी तरतूद त्याच करारात आहे. बेटावर संत अंतोनीचे लहानसे चर्च आहे. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्याची यात्रा भरते, आणि दोन्ही तीरांवरचे कोळी आपापल्या होड्यांतून तेथे येतात. युद्धाच्या वर्षांत ती यात्रा बंद पडली होती. नंतर ती पुन्हा भरू लागली. तमिळनाडूची कुटुंबे आणि जाफना-मन्नारची कुटुंबे वाळूवर शेजारी शेजारी बसतात, एकच भाषा बोलतात, साबण, मिठाई आणि खोबरेल तेल यांची देवघेव करतात, घरची ख्यालीखुशाली विचारतात. दुसऱ्या दिवशी मोठी प्रार्थना झाली की होड्या वळतात आणि एक पश्चिमेकडे, एक पूर्वेकडे, अशा आपापल्या घरी जातात. धनुष्कोडीची आगबोट जे काम बारमाही करीत असे, ते तेथे वर्षातून एक दिवस होते.